गोचीड कुत्र्यावर कमी, घरात जास्त: टिक फीव्हर टाळायचा तर काय करावं

कुत्र्याच्या अंगावरचे गोचीड वेचले, औषधी शाम्पूने आंघोळ घातली, आणि पंधरा दिवसांत पुन्हा तेवढेच गोचीड दिसायला लागले. अशा वेळी औषध नकली असल्याचा संशय येतो. बहुतेक घरांत औषधाचा दोष नसतो. गोचीड कुत्र्यावर राहतच नाही, तो कुत्र्यावर फक्त जेवायला येतो. उरलेला सगळा काळ तो तुमच्या घरात, जिन्यात, पार्किंगमध्ये काढतो. हे ध्यानात घेतलं नाही तर वर्षानुवर्षं नुसते गोचीड वेचत बसावं लागतं, आणि गोचिडांमुळे होणारा ताप, म्हणजे टिक फीव्हर, टळत नाही.

आपल्याकडे पाळीव कुत्र्यांवर सर्वाधिक सापडतो तो तपकिरी गोचीड. शास्त्रीय नाव ऱ्हायपिसेफॅलस सँग्विनियस. अंड्यातून निघालेलं सहा पायांचं पिल्लू, मग आठ पायांची मधली अवस्था आणि मग प्रौढ, असे त्याचे तीन टप्पे. प्रत्येक टप्प्यात तो एकदा कुत्र्यावर चढतो, काही दिवस रक्त पितो, गळून पडतो आणि कुठल्यातरी फटीत जाऊन कात टाकतो. पोटभर प्यायलेली मादी शेवटची गळून पडते, फट शोधते आणि एकाच वेळी हजारो अंडी घालून मरते. चांगली फुगलेली मादी चार हजारांपर्यंत अंडी घालते. उबेला ती साधारण तीन आठवड्यांत फुटतात. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात हे सगळं चक्र दोन-तीन महिन्यांत पूर्ण होतं. प्रौढ गोचीड उपाशीपोटी महिनोन्‌महिने टिकून राहतो. म्हणून सुट्टीत घर महिनाभर बंद ठेवलं तरी परत आल्यावर ते तिथेच असतात.

आणखी एक सवय लक्षात ठेवा, कारण पुढे घराची सफाई करताना तीच कामाला येते. हा गोचीड वर चढतो. भिंत आणि छताचा कोपरा, दाराची चौकट, पडद्याची वरची दुमड, खिडकीची पट्टी, एसीच्या मागची जागा ही त्याची लपायची ठिकाणं. फरशी कितीही पुसली तरी यांतल्या एकाही जागी फडकं पोचत नाही.

रोजची पाच मिनिटं

संध्याकाळी फिरवून आणल्यावर, घरात सोडण्याआधी, कुत्र्याला चांगल्या उजेडात उभं करा. मोबाइलचा टॉर्च पुरतो. डोळ्यांपेक्षा बोटांवर जास्त भरवसा ठेवा. बोटांची टोकं केसांच्या उलट दिशेने, कातडीला लागून फिरवायची आणि खडा लागल्यासारखं वाटलं तिथे थांबायचं.

क्रम ठरलेला ठेवला की जागा सुटत नाही. आधी कानाची पाळी उलटून आतल्या घड्या, मग पापण्यांच्या कडा आणि ओठांचे कोपरे. पट्टा काढून त्याच्याखालची पूर्ण मान, पुढच्या पायांच्या काखा, छाती. नंतर चारही पंजे, दोन बोटांमधली जागा वरून आणि खालून, दोन्हीकडून. शेवटी जांघा, गुप्तांगाच्या आसपास आणि शेपटीच्या मुळाशी. लपलेले गोचीड जास्त करून कानात आणि बोटांमध्ये सापडतात. कुत्रा पंजा सारखा चाटत असेल तर ती लाडाची सवय समजू नका, तिथे बघा.

पिल्लू अवस्थेतला गोचीड मोहरीहूनही लहान असतो आणि मातीचा कण वाटतो. फुगलेली मादी राखाडी, वाटाण्याएवढी आणि गुळगुळीत असते. तिच्या शेजारी किंवा पोटाखाली छोटा तपकिरी नर बऱ्याचदा चिकटलेला असतो, तोही काढायचा. पोटावर ओळीने, जोडीजोडीने दिसणारे उंचवटे मात्र ओढू नका. ती स्तनाग्रं असतात आणि नरांनाही असतात. गोचीड समजून ती ओढून जखम केलेले कुत्रे दवाखान्यात नेहमी येतात. चामखीळ की गोचीड असा प्रश्न पडला तर कातडीला टेकलेल्या बाजूला टॉर्च मारा. गोचिडाला तिथे पाय दिसतात.

गोचीड काढायचा कसा

टोकदार चिमटा घ्या. भुवयांचा चपट्या तोंडाचा चिमटा फुगलेलं पोट चिरडतो, म्हणून अगदी बारीक टोकाचा बरा. हातात हातमोजे घाला, नसतील तर बोटांना प्लास्टिकची पिशवी गुंडाळा. केस बाजूला करून गोचिडाला पोटाला न पकडता, कातडीत शिरलेल्या तोंडाजवळ, जितकं खाली जाता येईल तितकं खाली पकडा. सरळ वर, सावकाश, एकसारखा जोर लावून ओढा. पिळायचं नाही, हिसका द्यायचा नाही. काही सेकंदांत तो सुटतो.

तोंडाचा काळा तुकडा आत राहिलाच तर सुईने टोकरत बसू नका. शरीर तो काही दिवसांत आपोआप बाहेर ढकलतं. टोकरण्याने झालेली जखम त्या तुकड्यापेक्षा जास्त पिकते. जागेवर पोव्हिडोन आयोडीन लावा आणि आठवडाभर लक्ष ठेवा. वाटाण्याएवढी गाठ राहणं सामान्य आहे. पू, वाढती सूज किंवा उष्णता दिसली तर दाखवा.

काडेपेटीचा चटका, रॉकेल, टर्पेंटाइन, नेलपॉलिश, गोडं तेल यांतलं काहीही गोचिडावर टाकू नका. गुदमरलेला किंवा भाजलेला गोचीड सुटायच्या आधी पोटातलं रक्त आणि लाळ कुत्र्याच्या रक्तात ओकतो. रोगाचे जंतू त्या लाळेतच असतात.

काढलेले गोचीड नखाने चिरडू नका, त्यातलं रक्त तुमच्या हाताच्या चिरांत जाऊ शकतं. बेसिनमध्ये किंवा संडासात टाकून पाणी सोडलं तरी ते मरत नाहीत. झाकणाच्या छोट्या बाटलीत सर्जिकल स्पिरिट भरून ठेवा आणि त्यात टाका. बाटलीवर तारीख लिहिली तर पुढे डॉक्टरांना उपयोग होतो.

औषध निवडताना

बाजारात चार-पाच प्रकारची औषधं आहेत. ती कशी काम करतात हे समजलं तर पैसेही वाचतात.

तोंडाने द्यायची चघळगोळी आज सर्वांत भरवशाची आहे. अफॉक्सोलेनर (नेक्सगार्ड) आणि सारोलेनर (सिंपारिका) महिन्यातून एकदा, फ्लुरालेनर (ब्राव्हेक्टो) साधारण बारा आठवड्यांतून एकदा. फ्लुरालेनर जेवणासोबत द्या, रिकाम्या पोटी ते नीट शोषलं जात नाही. गोळीचं माप वजनावर असतं. आधी वजन काट्यावर एकटे उभे राहा, मग कुत्र्याला उचलून, आणि वजाबाकी करा. ‘वीस किलो असेल’ या अंदाजावर गोळी घेऊ नका. पाकिटावरच्या गटांच्या सीमेवर दोन किलोंची चूक म्हणजे कमी मात्रा. मोठ्या कुत्र्याची गोळी अर्धी करून दोन लहानांना देण्याची युक्तीही सोडून द्या.

या गोळ्यांबद्दलची सर्वांत मोठी गैरसमजूत अशी की गोळी दिल्यावर गोचीड अंगावर दिसायलाच नकोत. औषध रक्तात असतं. गोचिडाला चावावं लागतं, तेव्हाच ते त्याच्या पोटात जातं, आणि त्यानंतर एक ते दोन दिवसांत तो मरतो. त्यामुळे घरात साठलेले गोचीड पहिले काही आठवडे चढत राहतात आणि मरत राहतात. वाळलेले, सुरकुतलेले, सहज सुटणारे गोचीड दिसणं हे औषध चालत असल्याचं लक्षण आहे. नेमके याच टप्प्यावर लोक औषध बंद करतात किंवा बदलतात. किमान चार महिने सलग द्या. आपल्या हवेत बारा महिने देणं जास्त शहाणपणाचं, कारण गोचीड मुंबई-कोकणात थंडीतही थांबत नाहीत.

कुत्र्याला फिट येत असतील किंवा पूर्वी आल्या असतील तर या गटातली गोळी देण्याआधी डॉक्टरांना तसं सांगा. २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या गटातल्या सर्व औषधांवर झटक्यांची शक्यता असल्याची सूचना दिली होती. बहुसंख्य कुत्र्यांना काही होत नाही, पण फिटचा इतिहास असलेल्यासाठी दुसरा मार्ग निवडता येतो. गाभण कुत्री आणि आठ आठवड्यांखालची पिल्लं यांच्याबाबतही आधी विचारा.

मानेवर टाकायचे थेंब, म्हणजे फिप्रोनिल, स्वस्त आहेत आणि बरे आहेत, पण ते चुकीच्या पद्धतीने टाकले जातात. औषध कातडीच्या तैलग्रंथींत साठतं आणि तिथून पसरतं. म्हणून थेंब केसांवर न टाकता केस विंचरून दिसणाऱ्या कातडीवर, दोन खांद्यांच्या वर मानेपाशी, जीभ पोचणार नाही अशा जागी टाका. त्याच्या दोन दिवस आधी आणि दोन दिवस नंतर आंघोळ नको. दर रविवारी शाम्पू करणाऱ्या घरात हे थेंब महिनाभर टिकत नाहीत. घरात ससा असेल तर फिप्रोनिल आणूच नका, सशाला ते जीवघेणं ठरतं.

औषधी शाम्पू त्या क्षणी अंगावर असलेले गोचीड मारतो, तेही फेस दहा मिनिटं ठेवला तर. दुसऱ्या दिवशी चढणाऱ्यांवर त्याचा असर नसतो. पावडरचंही तेच. दोन्ही जोडीला ठीक आहेत, एकट्याने पुरत नाहीत.

अमिट्राझ हे पाण्यात मिसळून अंगाला लावायचं औषध गावाकडे गोठ्यात असतंच, म्हणून कुत्र्यालाही लावलं जातं. ते चालतं, पण माप चुकलं तर कुत्रा सुस्त होतो, नाडी मंदावते, अंग गार पडतं. गुरांचं आणि कुत्र्यांचं प्रमाण एकच असेल असं धरू नका. लेबल वाचा, द्रावण त्याच दिवशी बनवा, कुत्रा वाळेपर्यंत चाटू देऊ नका, जखमांवर लावू नका. लहान पिल्लांना, अशक्त आणि मधुमेही कुत्र्यांना अजिबात नको. सुस्ती आली तर वाट पाहू नका, उताऱ्याचं इंजेक्शन असतं.

आयव्हरमेक्टिनची सुई ‘गोचिडासाठी’ म्हणून देणारे अजून भेटतात. तपकिरी गोचिडावर तिचा भरवसा नाही, आणि कॉली, शेटलँड शीपडॉग अशा जातींत अनेक कुत्र्यांच्या मेंदूत ते औषध शिरतं आणि जीव जाऊ शकतो.

कोणतंही औषध निवडा, घरातल्या सगळ्या कुत्र्यांना ते एकाच दिवशी द्या. एकाला वगळलं तर गोचीड त्याच्यावर जगतात. सोसायटीतले भटके कुत्रे गोचिडांचा मोठा साठा असतात. त्यांना जेवू घालणारी मंडळी तयार असतील तर वर्गणी काढून त्यांच्यासाठीही गोळ्या आणा. एका इमारतीपुरता हा उपाय खूप फरक पाडतो.

मांजर असलेल्या घरासाठी वेगळी सूचना. परमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन असलेलं कुत्र्याचं किंवा गुरांचं औषध मांजराला लागलं तर तिला थरथर आणि झटके सुरू होतात. औषध लावलेल्या कुत्र्याच्या कुशीत झोपण्यानेही हे होतं.

आता घर

कुत्र्याला औषध दिलं त्याच दिवशी घराला हात घाला. गादी, चादरी, गोणपाट, खेळण्यांचे कापडी तुकडे, गाडीतली कुत्र्याची चादर हे सगळं उकळत्या-गरम पाण्यात धुवा आणि कडक उन्हात वाळवा. पावसाळ्यात ऊन नसेल तर ड्रायर किंवा इस्त्री. फाटकं गोणपाट धुण्यात वेळ घालवू नका, जाळून टाका. धुतलेल्या वस्तू फवारणी होईपर्यंत बंद पिशवीत ठेवा.

व्हॅक्युम क्लीनर असेल तर अरुंद तोंडाची नळी लावून सोफ्याच्या शिवणी, पलंगाची खालची बाजू, चौकटींच्या फटी, स्कर्टिंगच्या वरची रेघ आणि छताचा कोपरा ओढून घ्या. पिशवी लगेच बांधून बाहेर टाका, नाहीतर आतले गोचीड चालत परत येतात. फटी पांढऱ्या सिमेंटने किंवा पुट्टीने बुजवा. या कामाचा खर्च किरकोळ असतो आणि परिणाम सर्वांत जास्त काळ टिकतो, पण ते करणारी घरं थोडी.

पेस्ट कंट्रोलवाल्यांना बोलावताना ‘गोचिडांसाठी’ असं स्पष्ट सांगा. झुरळांसाठी ते सिंकखाली जेल लावतात आणि फरशीच्या कडेने फवारतात. गोचिडांसाठी फवारा भिंतीवर, चौकटींच्या मागे, छताच्या कोपऱ्यात, पडद्यांच्या दांड्यांशी आणि पलंगाच्या सांध्यांत जायला हवा. समोर उभे राहून या जागा दाखवा. कुत्रे, मांजरी, पक्षी आणि लहान मुलं यांना बाहेर ठेवा. माशांची टाकी झाकून तिचा हवेचा पंप बंद करा. फवारा पूर्ण वाळून खोल्यांत हवा खेळेपर्यंत कुणाला परत आणू नका.

एका फवारणीत काम होत नाही. अंड्यांवर कीटकनाशकाचा परिणाम नगण्य असतो. ती फुटल्यावर निघालेल्या पिल्लांना गाठायला दोन ते तीन आठवड्यांनी दुसरी फवारणी हवी, लागण मोठी असेल तर तेवढ्याच अंतराने तिसरीही. करार करतानाच दुसरी फेरी ठरवून घ्या.

अंगण असेल तर गवत आखूड ठेवा, पालापाचोळा आणि विटांचा ढीग हलवा. कुत्र्याचं घर भिंतीला टेकून न ठेवता हातभर लांब ठेवा. गोठ्यात झोपणाऱ्या कुत्र्याला वेगळी, सिमेंटची, फटी नसलेली जागा करून द्या. गुरांचा मुख्य गोचीड वेगळ्या जातीचा असतो आणि तो सहसा गुरांवरच राहतो, पण गोठ्याच्या दगडी भिंतीच्या फटी तपकिरी गोचिडाला उत्तम आसरा देतात.

घरगुती उपायांबद्दल

खोबरेल तेलात कापूर घालून अंगाला चोळण्याचा सल्ला महाराष्ट्रात घरोघरी मिळतो. कुत्रा ते चाटतो. कापूर पोटात गेला की उलट्या, थरथर, झटके. टी ट्री तेलाचंही असंच आहे. जेवणात लसूण घातला की गोचीड लागत नाहीत, असं सांगितलं जातं. लसूण आणि कांदा दोन्ही कुत्र्याच्या लाल रक्तपेशी फोडतात, आणि गोचिडाचा रोगही तेच करतो. कडुलिंबाचं पाणी अंगाला लावल्याने अपाय होत नाही, मात्र त्याच्या भरवशावर औषध सोडू नका.

शेतातलं कीटकनाशक, डासांचा स्प्रे किंवा डिझेल कुत्र्याच्या अंगावर टाकणं हा जिवाशी खेळ आहे. कुणी टाकलंच असेल आणि कुत्र्याला लाळ गळणं, जुलाब, स्नायू फडफडणं, बाहुल्या टाचणीएवढ्या होणं यांतलं काही दिसलं, तर हातमोजे घालून भांडी घासायच्या लिक्विडने कोमट पाण्यात दोनदा धुवा आणि औषधाची बाटली सोबत घेऊन तडक दवाखाना गाठा. उलटी करवू नका.

टिक फीव्हर ओळखताना

टिक फीव्हर हा एकच आजार नाही, गोचिडांमुळे होणाऱ्या अनेक आजारांचं ते नाव आहे. एर्लिकिया हा जिवाणू पांढऱ्या रक्तपेशींत राहतो, बॅबेसिया हा परजीवी लाल पेशींत, अ‍ॅनाप्लाझ्मा प्लेटलेटमध्ये, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशींत. हेपॅटोझून या परजीवीचा आजार चावण्यातून न येता कुत्र्याने गोचीड चावून गिळल्यावर होतो. एकाच कुत्र्यात दोन-दोन सापडणं आपल्याकडे नित्याचं आहे. बॅबेसियाचा एक प्रकार कुत्र्यांच्या भांडणात, चाव्यातूनही पसरतो, म्हणून ‘आमच्या कुत्र्याला गोचीड नव्हतेच’ यावरून डॉक्टर तपासणी टाळत नाहीत. बॅबेसियाला चिकटलेल्या गोचिडाकडून कुत्र्यात जायला साधारण दोन दिवस लागतात. एर्लिकिया काही तासांतही जाऊ शकतो. रोज गोचीड काढण्याचा फायदा इतकाच मर्यादित, म्हणून औषधाची जोड लागते.

चाव्यानंतर एक ते तीन आठवड्यांत ताप, सुस्ती, खाण्यावरची वासना उडणं, जिना चढायचा कंटाळा अशी सुरुवात होते. कुत्र्याचं नाक कोरडं की ओलं यावरून ताप कळत नाही. डिजिटल थर्मामीटरच्या टोकाला व्हॅसलीन लावून गुदद्वारात दोन सेंटिमीटर घाला आणि बीप होईपर्यंत धरा. १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट हे नेहमीचं तापमान. १०३ च्या वर ताप. निरोगी असताना दोन-तीनदा मोजून ठेवलं तर तुमच्या कुत्र्याचं स्वतःचं मान कळतं.

मग ओठ वर करून हिरड्या बघा. गुलाबी असायला हव्यात. बोटाने दाबून सोडल्यावर दोन सेकंदांच्या आत रंग परतायला हवा. फिकट पांढऱ्या हिरड्या म्हणजे रक्त कमी, पिवळसर म्हणजे लाल पेशी फुटताहेत. पोटाच्या केस नसलेल्या कातडीवर टाचणी टोचल्यासारखे लाल-जांभळे ठिपके म्हणजे प्लेटलेट खाली गेल्या आहेत. लघवी चहाच्या किंवा कॉफीच्या रंगाची झाली तर बॅबेसियाचा दाट संशय धरतात.

नाकातून रक्त, पांढऱ्या हिरड्या, गडद लघवी, झोकांड्या, १०५ च्या वर ताप यांतलं एकही असेल तर सकाळची वाट पाहू नका.

सर्वांत फसवा प्रकार हा: पहिला ताप चार दिवसांत आपोआप उतरतो, कुत्रा खायला लागतो आणि सगळे निर्धास्त होतात. एर्लिकिया मात्र प्लीहेत दडून राहतो आणि काही महिन्यांनी, कधी वर्षांनी, अस्थिमज्जेवर घाला घालतो. त्या टप्प्यावर आलेले कुत्रे वाचवणं फार अवघड असतं. जर्मन शेफर्डमध्ये हा आजार जास्त गंभीर होतो. गावठी कुत्र्यांना टिक फीव्हर होत नाही, हा निव्वळ गैरसमज आहे. म्हणून गोचीड दिसल्यानंतर महिन्याभरात आलेला कुठलाही ताप तपासून घ्या, उतरला तरी.

तापावर माणसाची गोळी देऊ नका. आयब्युप्रोफेनने कुत्र्याच्या जठरात व्रण पडतात आणि मूत्रपिंड बिघडतं. पॅरासिटामॉल यकृतावर आणि लाल पेशींवर जातं. प्लेटलेट आधीच कमी असलेल्या कुत्र्याला ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन म्हणजे आतल्या रक्तस्रावाला आमंत्रण. दवाखान्यात पोचेपर्यंत ओल्या फडक्याने पंजे आणि पोट पुसा, एवढं पुरे.

तपासण्या

प्लेटलेटसह पूर्ण रक्तगणना, रक्ताचा स्मिअर (काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेला थेंब), मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन आणि यकृताची एक चाचणी, इतकं पहिल्या भेटीत मागावं. प्लेटलेट साधारण दोन ते पाच लाख असतात. यंत्राने पन्नास हजार दाखवल्या तरी गुठळ्या झाल्यामुळे आकडा खोटा कमी असू शकतो. स्मिअरवर डोळ्याने पाहिलं का, हे विचारा. बॅबेसियासाठी कानाच्या टोकाच्या केशवाहिनीतून घेतलेला थेंब जास्त उपयोगी पडतो. स्मिअर निगेटिव्ह आला म्हणजे आजार नाही असं होत नाही, जंतू प्रत्येक थेंबात असतोच असं नाही. शंका उरली तर पीसीआर, म्हणजे जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी.

दवाखान्यातल्या झटपट पट्टीच्या चाचणीबद्दल थोडं. ती जंतू न शोधता त्याच्याविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं शोधते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ती तयार झालेली नसतात, म्हणून आजारी कुत्र्यातही पट्टी निगेटिव्ह येऊ शकते. उलट बऱ्या झालेल्या कुत्र्यात ती महिनोन्‌महिने पॉझिटिव्ह राहते. पट्टी आणि रक्तगणना शेजारी ठेवूनच अर्थ लावावा लागतो.

जवळ सोय नसेल तर परळ (मुंबई), शिरवळ, नागपूर, परभणी आणि उदगीर इथल्या पशुवैद्यक महाविद्यालयांच्या दवाखान्यांत चौकशी करा.

अठ्ठावीस दिवस

एर्लिकियावर डॉक्सीसायक्लिन हे मुख्य औषध, सहसा किलोमागे रोज १० मिलिग्रॅम, एकदा किंवा दोनदा विभागून, २८ दिवस. मात्रा डॉक्टरच ठरवतील. दोन-तीन दिवसांत कुत्रा उड्या मारायला लागतो आणि आठव्या दिवशी गोळी बंद होते. बरे वाटलेले पण पुन्हा आजारी पडलेले कुत्रे बहुतेक असेच परत येतात.

गोळी कशात द्यायची हेही महत्त्वाचं. आपल्याकडे गोळी पनीरमध्ये, पेढ्यात, दूध-पोळीत किंवा दहीभातात लपवली जाते. दुधातलं कॅल्शियम डॉक्सीसायक्लिनला बांधून टाकतं आणि औषध आतड्यातून कमी शोषलं जातं. लोहाचं आणि कॅल्शियमचं टॉनिकही तेच करतं, आणि रक्त कमी म्हणून तेच टॉनिक डॉक्टरांनी लिहिलेलं असतं. दोन्हींत निदान दोन-तीन तासांचं अंतर ठेवा. गोळी उकडलेल्या अंड्यात किंवा चिकनच्या तुकड्यात द्या, अर्धं जेवण झाल्यावर द्या, आणि वरून सिरिंजने थोडं पाणी पाजा. कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे व्रण पडतो. रिकाम्या पोटी दिली तर उलटी ठरलेली. उलटी होते म्हणून गोळी सोडू नका, डॉक्टरांना कळवा.

तीन दिवसांत काहीच फरक नसेल तर सोबत बॅबेसिया असण्याची शक्यता मोठी. त्यावर डॉक्सीसायक्लिन एकटं पुरत नाही, वेगळी औषधं आणि काही वेळा रक्त चढवणं लागतं. पपईच्या पानांचा रस किंवा माणसांच्या प्लेटलेट वाढवायच्या गोळ्या देऊन चार दिवस काढणं टाळा. प्लेटलेट कमी होण्याचं कारण जंतू आहे, तो त्यांनी मरत नाही.

आजारपणात थोडं-थोडं, कोमट, वास येणारं अन्न द्या: शिजवलेलं चिकन, मऊ भात, लाल भोपळा. कांदा-लसणाची फोडणी नको, मीठ-मसाला नको. प्लेटलेट लाखाच्या खाली असेपर्यंत उड्या, दुसऱ्या कुत्र्यांशी मस्ती आणि मांसात द्यायची इंजेक्शनं टाळावीत. नखं कापायचं कामही पुढे ढकला, चुकून रक्त आलं तर थांबत नाही.

माणसांसाठी एक सूचना. हाच तपकिरी गोचीड माणसाला टायफस प्रकारचा ताप देऊ शकतो. घरात गोचीड असताना कुणाला ताप आणि अंगावर पुरळ आलं तर डॉक्टरांना गोचिडांबद्दल आवर्जून सांगा. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग-बांदा भागात आणि गोव्याच्या सत्तरीत होणारा माकडताप मात्र वेगळा. तो जंगलातल्या दुसऱ्या जातीच्या गोचिडाकडून येतो. काजूच्या बागेत किंवा रानात कुत्रा सोबत नेत असाल तर परतल्यावर दोघांचीही तपासणी दाराबाहेरच करा आणि कपडे थेट गरम पाण्यात टाका.

कोर्स संपल्यावर एक-दोन आठवड्यांनी रक्तगणना पुन्हा करा, मग तीन महिन्यांनी एकदा. प्लेटलेट पुन्हा घसरत असतील तर जंतू गेलेला नाही किंवा नवा चावा झाला आहे. दुसरी शक्यता जास्त वेळा खरी ठरते, कारण या आजारातून उठलेल्या कुत्र्याला कायमची प्रतिकारशक्ती मिळत नाही आणि आपल्याकडे यावर नेहमीच्या लसीकरणात कुठलीही लस नाही. गोचिडाच्या पुढच्या गोळीची तारीख कालनिर्णयावर रेबीजच्या लसीशेजारीच लिहून ठेवा.